रात्रपाळी, भाड्याची खोली आणि आपल्या संस्थांचे कर्तव्य

स्मरणिकेच्या पानांतून दरवर्षी आपण धम्मकार्याचा आढावा घेतो, मुलामुलींच्या परीक्षांतील यशाचे कौतुक करतो आणि मायदेशात आपल्या बांधवांवर होणाऱ्या अत्याचारांचा निषेध नोंदवितो. हे सर्व यथायोग्यच आहे. परंतु इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या समाजात एक वर्ग असा आहे की, ज्याच्या रोजच्या जगण्याविषयी या पानांवर फारसे लिहिले जात नाही. हा वर्ग जयंतीच्या सभेला उशिरा येतो, मागच्या रांगेत बसतो आणि व्याख्यान रंगात आलेले असताना नेमके त्याचे डोळे मिटू लागतात. त्याला निरुत्साही ठरविण्याची घाई कोणी करू नये. आदल्या संध्याकाळी सात वाजता कामावर गेलेला हा माणूस सकाळी सुटून, अंथरुणाला पाठ न लावता, थेट सभागृहात आलेला असतो.

कंत्राटी पद्धतीने रात्रपाळी करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींविषयी आम्ही बोलत आहोत. बँका, विमा कंपन्या, विमानतळ यांच्या संगणकयंत्रणांत फेरबदल करावयाचे ते ग्राहक झोपलेले असतानाच. त्यामुळे संगणक क्षेत्रातील कंत्राटदाराच्या वाट्याला रात्र येते. स्लाउसारख्या गावात डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती रात्रंदिवस चालू असतात. एजन्सीमार्फत रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात रात्रीची ड्यूटी घेणाऱ्या आपल्या भगिनींची संख्याही लहान नाही. काम आज लंडनच्या पश्चिमेला, तर तीन महिन्यांनी मँचेस्टरला. कुटुंब मात्र लेस्टर किंवा बर्मिंगहॅमला, कारण मुलांच्या शाळा दर तिमाहीला बदलता येत नाहीत. म्हणून आठवड्यातील चार-पाच दिवस परगावी एखादी खोली घेऊन राहावे लागते. रात्री काम आणि दिवसा परक्याच्या घरात झोप, असे हे दुहेरी परदेशगमन आहे.

वास्तविक रात्रपाळी हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा मुंबईच्या गिरणीत होते. परळ-नायगावच्या चाळींत एकेका खोलीत दहा-दहा माणसे पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा माणूस सकाळी परते तेव्हा दिवसपाळीवाल्याने अंथरूण मोकळे केलेले असे. त्याच गिरण्यांत, धोट्यातील तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो एवढ्या कारणावरून, अधिक मजुरीच्या विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. इंग्लंडमध्येही १९५० आणि ६० च्या दशकांत मिडलँड्सच्या ओतशाळांत राबणारे पंजाबी बांधव एकेका घरात गर्दीने राहिले, एकाच बिछान्यावर आळीपाळीने निजले, आणि त्यांच्यातीलच आंबेडकरी बांधवांनी पुढे या देशात बाबासाहेबांच्या नावाच्या संस्था उभ्या केल्या. त्या पिढ्यांना जागा अपुरी होती; परंतु शेजारचा माणूस आपला होता. आजच्या कंत्राटदाराला स्वतंत्र खोली आहे, दाराला कुलूप आहे, आणि आजारी पडला तर पाण्याचा पेला देणारे कोणी नाही. प्रगती झाली हे आम्ही नाकारीत नाही. तिची किंमत कोणती, एवढेच विचारीत आहोत.

या व्यवस्थेत माणसाला 'स्वतंत्र' असे मोठे नाव दिलेले असते. ते नाव तपासून घेतले पाहिजे. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून काम केले आणि १९४६ साली कारखाना कायद्याच्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणण्याचे विधेयक मांडले. कामगाराची वेळ ही कायद्याने राखावयाची वस्तू आहे, हा त्यामागील विचार. ब्रिटनमध्येही १९९८ च्या कामाच्या वेळेसंबंधीच्या नियमांनी रात्रपाळीच्या कामगाराला सरासरीने चोवीस तासांत आठ तासांहून अधिक काम देता येत नाही, दोन दिवसांच्या कामामध्ये अकरा तासांची विश्रांती द्यावी लागते, आणि रात्रीच्या कामावर नेमण्यापूर्वी विनामूल्य आरोग्यतपासणीची संधी द्यावी लागते. आठवड्याच्या ४८ तासांची मर्यादा सोडून देण्याच्या कागदावर एजन्सी सही घेते. परंतु रात्रीच्या आठ तासांची मर्यादा अशा वैयक्तिक सहीने सुटत नाही, हे आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक असते. मात्र हे सारे संरक्षण 'वर्कर' या व्याख्येत बसणाऱ्याला. जो खऱ्या अर्थाने स्वयंरोजगारी आहे, तो या नियमांच्या बाहेर. एजन्सीमार्फत किंवा अंब्रेला कंपनीच्या पगारपत्रकावर काम करणारा आत. तेव्हा आपण कोणत्या कागदावर सही करीत आहोत, हे पहिल्या रात्रीच्या आधी विचारणे हा संशयीपणा नव्हे. एवढेच सांगून ठेवतो की, ज्यांचा व्हिसा एका मालकाशी बांधलेला आहे, त्यांनी या स्वातंत्र्याच्या मोहात पडण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

आता हिशोब. रात्रीचा दर जास्त असतो, म्हणून माणूस तिकडे ओढला जातो. समजा, एका रात्रीचे ३५० पौंड ठरले आणि आठवड्याच्या चार रात्री. म्हणजे १,४०० पौंड. पाळी बारा तासांची; पुढच्या माणसाला काम समजावून देण्यात आणखी एक तास जातो. चार रात्रींचे झाले ५२ तास. परगावच्या खोलीचे आठवड्याला १८० आणि गाडीभाड्याचे ६० वजा केले तर उरले १,१६०, म्हणजे तासाला साधारण २२ पौंड. उलट घराजवळ दिवसाचे काम ३०० पौंड रोजाने पाच दिवस मिळाले, तर १,५०० मधून प्रवासाचे ५० जाऊन, रोजचे नऊ तास धरून, तासाला ३२ पौंड पडतात. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. कर अजून दोन्हींतून जायचा आहे. अंब्रेला कंपनी असेल तर मालकाने भरावयाचा राष्ट्रीय विमाही तुमच्याच ठरलेल्या दरातून कापला जातो, आणि त्याचा दर एप्रिल २०२५ पासून १५ टक्के झाला आहे. खोलीभाडे व प्रवास हा धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा मिळेल, अशी पुष्कळांची समजूत असते. स्वतःची लिमिटेड कंपनी असून काम आयआर-३५ च्या बाहेर असेल आणि ती जागा चोवीस महिन्यांहून अधिक काळासाठी नसेल, तर ती बरोबर आहे. अंब्रेलाखाली दुसऱ्याच्या देखरेखीत काम करणाऱ्याला ही सवलत २०१६ च्या एप्रिलपासून उरलेली नाही. रजेचा पगार, आजारपणाचे दिवस, दोन कंत्राटांमधील रिकामे आठवडे हे आम्ही धरलेलेच नाहीत. जादा दराचे पैसे बहुतांश वेळा घरमालक, रेल्वे आणि थकवा या तिघांत वाटून जातात.

तरीही माणसे रात्रपाळी का घेतात, हे आम्हांला कळते. गावाकडे धाकट्या भावाची फी भरावयाची असते. वस्तीतील विहाराच्या छताला पत्रे घालावयाचे असतात. आणि दिवसाच्या जागा भरताना पहिली पसंती कोणाला मिळते, हेही आपण पाहिले आहे. म्हणून रात्रपाळी करूच नका असा उपदेश येथे कोणाला करावयाचा नाही. ती करावयाची तर झोपेची किंमत दरात धरून करावी, एवढेच आमचे म्हणणे.

कारण झोप ही चैनीची वस्तू नाही. शरीरात दिवसरात्रीचे जे घड्याळ आहे, त्याची पेशींतील यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१७ चे नोबेल पारितोषिक तीन शास्त्रज्ञांना मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीच्या कामाला संभाव्य कर्करोगकारक गटात घातले आणि २०१९ साली पुन्हा तपासून तोच निष्कर्ष कायम ठेवला. हे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु 'सवय होते' असे म्हणून ते उडवूनही लावता येणार नाही. तीन रात्री जागून चौथ्या दिवशी सकाळी एम-४ वरून स्वतः गाडी हाकीत घरी निघणे, हा आमच्या मते सर्वांत मोठा धोका आहे. मुलांना पाहण्याची ओढ आम्ही जाणतो. पण चार तास झोपून मग निघावे, आणि त्यासाठी त्या दिवसाचेही खोलीभाडे द्यावे लागले तर ते हसत द्यावे.

दिवसा झोपणाऱ्याची खोली कशी असावी, हे घरमालकाला सहसा ठाऊक नसते आणि विचारणाऱ्याला सांगण्याचे धैर्य होत नाही. खिडकी पूर्वेला नको, रस्त्याकडे नको. पडदा जाड व काळा हवा. भिंतीपलीकडे न्हाणीघर किंवा जिना नको. दुपारी घरमालकाची नातवंडे शाळेतून येतात त्या वेळी खोलीवाल्याची मध्यरात्र असते. परत सायंकाळी पाच वाजता कुकर लावण्याची परवानगी हवी, कारण त्याचे ते सकाळचे जेवण. या गोष्टी क्षुल्लक वाटतील. ज्याने एका हिवाळ्यात तीन खोल्या बदलल्या, त्याला त्या क्षुल्लक वाटत नाहीत.

आणि येथेच तो जुना प्रश्न निराळ्या वेषात समोर येतो. परगावी खोली शोधताना आपला माणूस साहजिकच भारतीयांकडे वळतो. भाषा कळते, जेवण जुळते. जाहिरातीत 'शुद्ध शाकाहारी' लिहिलेले असते. तेथवर कोणाची तक्रार नाही. आपल्या घरात काय शिजावे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण मग आडनाव विचारले जाते. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव, मग गावातील आळी, मग 'तुमच्याकडे कोणते देव?' शेवटी खोली कालच गेली असे नम्रपणे सांगण्यात येते. आठवड्याने तीच जाहिरात पुन्हा दिसते. खोली मिळालीच तर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातील भांडी वेगळी होतात. असे अनुभव आपल्यातील अनेकांनी बोलता बोलता सांगितले आहेत, आणि सांगताना आवाज खाली आणला आहे.

कायद्याचा आधार येथे अर्धवट आहे. २०१० च्या समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन संसदेने २०१३ साली सरकारवर घातले. २०१८ च्या जुलैमध्ये सरकारने ते पाळणार नसल्याचे जाहीर केले. मात्र २०१४ साली एका आदिवासी घरकामगार भगिनीच्या खटल्यात अपील न्यायाधिकरणाने जातीवरून होणारा भेदभाव वांशिक मूळ या सदरात येऊ शकतो असे म्हटले, आणि पुढच्या वर्षी तिला किमान वेतनाच्या थकबाकीपोटी एक लाख ऐंशी हजार पौंडांहून अधिक रक्कम देण्याचा हुकूम झाला. ती मालकाच्याच घरात राहत होती. काम आणि छप्पर एकाच्याच हाती असले म्हणजे दिवस कोठे संपतो आणि रात्र कोठे सुरू होते हे ठरविण्याचा अधिकारही त्याच्याच हाती जातो. एजन्सीने 'राहण्याची सोय आमची' असे म्हटले म्हणजे आपल्या भगिनींनी तो खटला आठवावा.

१९१७ साली बाबासाहेब अमेरिकेतून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांच्याजवळ पदवी होती, हुद्दा होता, पगार होता. राहावयास जागा नव्हती. पारशी नाव सांगून ते पारशांच्या पथिकाश्रमात राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. नोकरी जागेअभावी सुटली, हे आपण विसरता कामा नये. म्हणून आज एखादा तरुण चार महिन्यांच्या कंत्राटासाठी खोली मिळवताना आडनाव गाळतो, तेव्हा त्याला स्वाभिमानशून्य म्हणणे आम्हांला मान्य नाही. लंडनला शिकताना बाबासाहेब १९२१-२२ मध्ये १०, किंग हेन्रीज रोड या घरात भाडेकरू म्हणून राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले आणि आज तेथे स्मारक आहे. आपण सहकुटुंब तेथे जातो, पुष्पहार वाहतो, छायाचित्रे काढतो. पण ती वास्तू मुळात दूरदेशी आलेल्या विद्यार्थ्याची भाड्याची जागा होती, याचा बोध आपल्या संस्थांनी अजून घेतलेला दिसत नाही.

आपलेही दोष सांगितले पाहिजेत. आपल्यातील काही कुटुंबांनी घरे घेतली, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांतील काहींनी नव्याने आलेल्या आपल्याच मुलांना जिन्यालगतच्या कोठडीवजा खोल्या पूर्ण भाड्याने दिल्या, हीही वस्तुस्थिती आहे. परवाना लागणाऱ्या सामायिक घरांत एका प्रौढाच्या झोपण्याच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर जागा लागते. आपल्या कित्येक कोठड्या त्या मापात बसणार नाहीत. घरमालकाबरोबर राहणाऱ्याला अनामत रकमेचे कायदेशीर संरक्षणही नसते, त्यामुळे 'आपलाच माणूस आहे' या शब्दावर विसंबून पावती न घेणारा शेवटी पाहुण्यांकडे गाऱ्हाणे घेऊन जातो. जयभीम म्हणून दार उघडणाऱ्याने पावतीही द्यावी.

स्त्रियांची रात्रपाळी हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पुरुष रात्री काम करून आला म्हणजे घर दबक्या पावलांनी चालते. दोन वर्षांचे पोरही ओठावर बोट ठेवून 'बाबा झोपलेत' असे सांगते. नर्स असलेली आई सकाळी साडेआठला घरी येते तेव्हा मुलांचा शाळेचा डबा, सासूबाईंचे औषध आणि ओटा तिची वाट पाहत असतात. तिच्या झोपेसाठी घंटी बंद केल्याचे आम्ही फार थोड्या घरांत पाहिले. 'आई झोपली आहे' हे वाक्य आपल्या घरांत किती वेळा उच्चारले जाते, हे वाचकांनी आपापल्या मनाशी मोजून पाहावे.

विनयपिटकात दब्ब मल्लपुत्त या भिक्खूंची कथा आहे. संघाने त्यांना निवासस्थाने वाटून देण्याच्या कामावर नेमले होते. हे काम ते इतके विचारपूर्वक करीत की, सुत्ते पठण करणाऱ्यांना त्यांच्यासारख्यांबरोबर, ध्यान करणाऱ्यांना ध्यान करणाऱ्यांबरोबर जागा देत. एकाची दिनचर्या दुसऱ्याला बाधू नये, हा हेतू. रात्री अवेळी येणाऱ्या भिक्खूलाही ते प्रकाश दाखवीत त्याच्या जागेपर्यंत पोहोचवीत. बोटातून ज्योत निघे हा चमत्काराचा भाग आपण बुद्धिवादी उपासकांनी बाजूला ठेवावा. पण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाला निवासाची व्यवस्था हे एक पद नेमून करण्याचे काम वाटले, आणि रात्री येणाऱ्याचा विचार त्यात धरला गेला, ही गोष्ट बाजूला ठेवण्यासारखी नाही.

आमचे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात की, संस्था जयंती आणि धम्मप्रसारासाठी आहे, खोल्यांची दलाली करण्यासाठी नाही. दलाली तर कोणीच सुचवीत नाही. प्रत्येक शहरातील शाखेने एक निवास-कार्यवाह नेमावा आणि एक वही ठेवावी, एवढीच सूचना आहे. ज्यांच्या घरी खोली रिकामी आहे त्यांना सोमवार ते शुक्रवार राहणारा आपला माणूस मिळेल. स्वतःच्या राहत्या घरातील खोली भाड्याने दिल्यास वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. गृहकर्ज देणाऱ्या संस्थेला आणि विमा कंपनीला मात्र आधी विचारावे. इंग्लंडमध्ये २०१६ पासून भाडेकरूची कागदपत्रे तपासणे घरमालकावर बंधनकारक आहे, तेही ओळखीच्या माणसाबाबत टाळू नये. हिशोब समजणारे आपल्यात लेखापाल आहेत, करार वाचणारे वकील आहेत; त्यांनी महिन्यातून एक तास कंत्राटदारांसाठी द्यावा. आणि एखादी सभा रविवारी सकाळी न घेता दुपारी चार वाजता घ्यावी, म्हणजे मागच्या रांगेतील माणूस झोप पुरी करून येऊ शकेल.

वही येत्या १४ ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सभेत, वर्गणीच्या टेबलाशेजारीच ठेवावी. तिच्यात पत्ता व भाडे यांबरोबर चार रकाने अधिक असावेत: खोलीची खिडकी कोणत्या दिशेला आहे, दुपारी घरात कोण असते, संध्याकाळी पाचला स्वयंपाक करता येईल काय, आणि भिंतीला खिळा ठोकण्याची परवानगी आहे काय.